पायलटच्या मागे कोण पळतंय?

हे मला आत्ताच्या आत्ता सांगायचंय. फराळ होईपर्यंतही थांबता येणार नाही, कारण आमचे सावंत सर गावभर त्यांचं व्हर्जन सांगत सुटलेत. परवा तर म्हणे त्यांनी कॉलेजच्या मुलांना फळ्यावर बाण काढून आमची रेस समजावली! हा बाण वैशाली, हा बाण सुनंदा, आणि हा बघा सापळा! अहो, कसला सापळा? त्या दिवशी काय झालं ते फक्त आम्हा तिघांना माहिती आहे. मी, सुनंदा आणि टेकचंद अंकल. म्हणून दिवाळी अंक छापायला जायच्या आत मी मराठी टाईपरायटर पुढ्यात ओढून बसलेय. शुद्धलेखन संपादकांनी बघून घ्यावं, मी काही थांबणार नाही.

आधी माझी नोकरी काय ते सांगते, कारण नातेवाइकांना अजून कळलेली नाही. अंबरनाथ एमआयडीसीत एका इंजिनिअरिंग कंपनीत मी टायपिस्ट आहे. पण मला घेतलं ते बोटांसाठी नाही, पायांसाठी. स्पोर्ट्स कोटा! दर थंडीत सगळ्या कंपन्यांची मिळून रोड रेस होते, आणि आमच्या मोठ्या साहेबांना रिसेप्शनच्या काचेच्या कपाटात शील्ड लागते. शील्ड नसली की कस्टमरशी बोलताना त्यांचा आवाज खाली जातो. म्हणून सकाळी मी पळते, मग पत्रं टाईप करते. आमची आत्या अजून विचारते, "पळायचे पैसे देतात? मग बसायचे कोणाला देतात?"

आता यातली गंमत. मी जिंकायला पळत नाही. मी पायलट आहे. मंत्र्याच्या गाडीपुढे लाल दिव्याची जीप असते ना, तशी. लांबच्या रेसमध्ये जो पुढे पळतो तो समोरचा वारा अंगावर घेतो, स्पीड ठरवतो, खड्डा बघतो, कुत्रा बघतो. मागचा फक्त त्याच्या पाठीकडे बघतो. म्हणून टीममध्ये एक पायलट ठेवायचा. त्याने बराच वेळ आपल्या मेन रनरला ओढायचं, चढावर एक झटका द्यायचा म्हणजे बाकीच्यांची फाटते, आणि शेवटच्या टप्प्यात बाजूला होऊन म्हणायचं, जा! मेन रनर जाते, जिंकते, हार घालून घेते. पायलट कुठेतरी सातवा-आठवा येऊन लिंबाची फोड चोखत बसतो.

पायलटचा पहिला नियम : मागे बघायचं नाही. मान वळवली की लय तुटते, आणि मागचीला कळतं की ही घाबरली. कानाने बघायचं. पावलांचा आवाज, श्वासाचा आवाज. आणि आमच्या एरियात नाकाने. हसू नका! एमआयडीसीच्या रस्त्यावर मी डोळे मिटून सांगेन कुठे आलो ते. गेटपाशी साबणाचा वास, पुढच्या नाक्यावर घशात मिरची कोंबल्यासारखं काहीतरी, मग सडक्या अंड्यांचा पट्टा. तिथे सगळ्या आपोआप स्पीड वाढवतात, पायलटची गरज नसते. तो पट्टा संपला की पालेगावचं वळण. तिथे एकदम शेणाचा आणि ओल्या गवताचा वास येतो आणि छाती अशी उघडते!

पायलटवर किती भरवसा ठेवावा त्याचीही एक गोष्ट आहे. एका मंडळाच्या रेसला वाट दाखवायला आमच्यापुढे रिक्षा ठेवली होती, झेंडा वगैरे लावून. मध्येच सेकंड शिफ्टच्या तिघांनी हात केला. रिक्षावाल्याने सवयीने थांबवली, त्यांना बसवलं आणि घेतली आत. आम्ही सगळ्या निष्ठेने झेंड्यामागे. थेट एका केमिकल कंपनीच्या गेटवर! वॉचमन काठी आडवी धरून म्हणतो, "पास दाखवा." आमच्या छातीवर नंबर, तोंडाला फेस, आणि हा म्हणतो पास!

बरं. सुनंदा. ही माझी मंत्री. खरवईची, शेतकऱ्याघरची. घरच्या म्हशी रानात पळाल्या की ही त्यांच्यामागे पळायची, तेच तिचं ट्रेनिंग. दिसायला काडी, पण शेवटच्या टप्प्यात अशी सुटते की बघणारा शिट्टी विसरतो. गावोगावच्या रेसमध्ये बक्षीस म्हणून भिंतीवरची घड्याळं देतात. हिच्या घरी इतकी घड्याळं झाली की प्रत्येक खोलीत वेगळी वेळ. आईला विचारलं किती वाजले, तर ती म्हणते, "कंच्या खोलीत?"

पण आमच्या कंपनीत सुनंदा टेम्पररी होती. पॅकिंगला. टेम्पररी म्हणजे काही महिने काम, मग ब्रेक. घरी बसायचं, परत बोलावलं तर बोलावलं. त्या थंडीत तिचा ब्रेक जवळ आला होता, आणि पॅकिंगला नवीन मशीन बसत होतं. यावेळी परत बोलावणार नाहीत हे शिपायापासून सगळ्यांना माहिती. सावंत सर आमचे वेल्फेअर ऑफिसर, कोच पण तेच. ते पर्सोनेलच्या साहेबांकडे जाऊन बसले. उठलेच नाहीत म्हणे. शेवटी साहेब वैतागून बोलले, "रेसमध्ये पहिल्या तिघींत आली तर स्पोर्ट्स कोट्यात पर्मनंट. नाही आली तर माझ्याकडे परत यायचं नाही."

पहिल्या तिघींत! सुनंदाला हे सांगितलं तेव्हा ती डबा खात होती. ती एवढंच म्हणाली, "आनि त्या दिवशी पोटात कळ आली तं?"

"नाही येणार."

"तू काय डाक्टर हायस?"

मला त्या रात्री स्वतःच्याच पोटात कळ आली.

आता टेकचंद अंकल. आम्ही राहतो उल्हासनगरला, कॅम्प चारच्या बराकीत, आणि आमच्या बाजूलाच अंकलचं घर. पुढे बुटांचं दुकान, मागे दोन कारागीर. मी लहानपणापासून त्यांच्याकडे कोकी, म्हणजे कांदा घातलेली जाड सिंधी पोळी, खाऊन मोठी झालेय. त्यांना कळलं की आमच्या टीमला चांगले बूट नाहीत, तर म्हणाले, "बेटा, मैं देता हूँ. फोकट. बस, अखबारवाला आया तो पैर आगे रखना." त्यांनी स्वतः कॅनव्हासचे बूट बनवले, खालून जाड रबर. मस्त! फक्त एक लोचा. डावा बूट आवाज करायचा. चुईं. उजवा गप्प, डावा चुईं. उजवा गप्प, डावा चुईं.

"अंकल, हा वाजतो!"

"वाजतो नहीं बेटा, बोलतो. साउंड सिस्टीम है. एक्स्ट्रा चार्ज नहीं लिया."

माझ्या जोडाचा आवाज मी आतून चामड्याचा तुकडा लावून घालवला. सुनंदाचा तसाच ठेवला, कारण पायलटला ते बरंच होतं. मागे चुईं ऐकू आलं की मंत्री जागेवर! दोन महिने मी त्या आवाजावर पळत होते. कान त्यालाच लागलेले. झोपेत बराकीचं दार वाजलं तरी माझे पाय हलायचे.

रेसच्या आदल्या दिवशी सरांनी दोघींना बसवलं. प्लॅन साधा. पालेगावच्या वळणापर्यंत मी ओढायचं. वळणानंतर परतीच्या रस्त्याला लांब चढ आहे, तिथे झटका. चढ संपला की पाण्याची टाकी लागते, तिथे मी बाजूला व्हायचं. "वळणावर मी नसेन, मी फिनिशला," सर म्हणाले. "तिथे टेकचंद शेठ उभे राहतील. ते उंचावरून सगळं बघतील. ते जे ओरडतील ते माझंच बोलणं समजायचं. डोकं लावायचं नाही. कळलं काय?"

कळलं काय, म्हणे. हे वाक्य लक्षात ठेवा.

सकाळी धुकं होतं. सगळ्या कंपन्यांच्या मुली गेटपाशी उड्या मारत होत्या. सुटलो. मी पुढे, चुईं मागे. साबणाचा वास गेला, मिरची गेली, सडकी अंडी गेली, गर्दी पांगली. वळणाच्या आधी आम्ही पाचसहा जणीच पुढे राहिलो. वळणावर अंकल एका दगडावर उभे. बाजूला ग्लुकोजच्या पाण्याची बादली. आणि आम्ही दिसल्याबरोबर त्या माणसाचा असा काही ताबा सुटला की बस! आमच्याशी कायम हिंदी, नाहीतर मोडकं मराठी बोलणारा माणूस, त्याच्या तोंडून सगळी सिंधीच बाहेर आली. दोन्ही हात हवेत, "हलु पुट! हलु! हलु हलु हलु!"

आता मी बराकीत वाढलेली. हलु म्हणजे चल, पुट म्हणजे बाळ, हे मला अ-आ-इ-ईच्या आधीपासून माहिती. आमच्या गल्लीत सकाळी प्रत्येक आई आपल्या पोराला हेच ओरडून शाळेत ढकलते. मी ऐकलं हलु, आणि मी सुटले!

पण सुनंदा खरवईची.

तिने ऐकलं, हळू. हळू हळू हळू.

ती नंतर मला म्हणाली, "मना वाटला, म्हाताऱ्यानी वरून कायतरी बघला आसंल. सरानी सांगलेला डोकं लावू नको. मी नाय लावला." आणि ती झाली की हळू! सगळ्या मुली चढासमोर दात-ओठ खात पुढे गेल्या, आणि ही आरामात, म्हशीमागे चालल्यासारखी. अंकल दगडावरून उतरून तिच्याबरोबर पळायला लागले, आणखी जोरात, "हलु! अरे हलु!" म्हणून ती आणखी हळू. अंकल रडायच्या बेताला. ती मनात म्हणते, केवढी काळजी करतोय बिचारा.

मला यातलं काहीच माहिती नव्हतं. मी मागे बघत नाही ना! मला फक्त ऐकू येत होतं. चुईं. चुईं. चुईं. बरोबर माझ्या मागे, चिकटून. मी खूश! मी चढाला लागले आणि बोलायला सुरुवात केली, आमची सवयच होती तशी. "शाबास सुने. खांदे सैल सोड. श्वास पोटातून." मागचा श्वास पोटातून यायला लागला. "डावीकडे खड्डा." मागची डावीकडून सरकली. "आता झटका देते, चिकटून राहा, हां? एकदा दोघी जरा मागे पडल्या की तुझी नोकरी पक्की." मी झटका दिला. मागची चिकटून राहिली. आयुष्यात इतकं गुणी पळणं सुनंदाने कधी केलं नव्हतं. मला भरून आलं. मी अंगातलं होतं नव्हतं ते सगळं त्या चढावर घातलं. टाकी आली. मी उजवीकडे झाले आणि ओरडले, "जा गं माझी बाई! जा!"

आणि माझ्या डावीकडून एक उंच, निळी रिबन लावलेली, मी आयुष्यात कधी न पाहिलेली मुलगी गेली. जाताना वळून म्हणाली, "थँक्यू हां, ताई!"

तिच्या पायात अंकलचे बूट. डावा चुईं.

मी रस्त्याच्या मधोमध जवळजवळ थांबले. तोंड उघडं. चढावरून दुसऱ्याच कंपनीची मुलगी ओढली, खड्ड्यासकट! नोकरी पक्की काय, नि माझी बाई काय!

तेव्हा पहिल्यांदा मी नियम मोडला आणि मागे बघितलं. चढावर तिघी दिसल्या, झटक्याने पार पिळून निघालेल्या, हातांनी जास्त आणि पायांनी कमी पळणाऱ्या. आणि त्यांच्याही मागे, खाली, सुनंदा. घाम नाही, काही नाही. मी दोन्ही हात हलवून किंचाळले, "अगं ये ना! काय करतेस तिथे?"

हे मराठी होतं. हे तिला कळलं.

तिने चढ कसा घेतला ते मी सांगू शकत नाही, टाईपरायटरला तेवढी बटणं नाहीत. पहिलीला टाकलं, दुसरीला टाकलं, तिसरीच्या कानाजवळून गेली. माझ्यापाशी आली तेव्हा मी नुसती लटपटत होते. पुढे फक्त निळी रिबन, ती आता हाती लागणारी नव्हती. म्हणजे सुनंदा गेली तर दुसरी. नोकरी!

"जा!" मी म्हटलं. "माझं संपलंय. तू जा."

"माझ्या मागं ये."

"वेडी आहेस का? त्या तिघी परत येतायत. तुला पकडलं तर गेली नोकरी."

"तोंड बंद कर आनि माझ्या पाठीकडं बघ."

"अगं सुने..."

"वैशे, तुझ्याशी भांडत बसले तं चौथी येन मी. ये बोलते ना!"

गेले मी तिच्या मागे. आणि अहो, काय सांगू तुम्हाला! वारा नाही! समोरचा सगळा वारा तिच्या छातीवर, माझ्याकडे नुसती झुळूक. खड्डा ती बघतेय, स्पीड ती ठरवतेय, मला काही विचारच नाही करायचा. फक्त दोन वेण्या आणि घामाने चिकटलेला नंबर बघत पाय टाकायचे. मागे असं असतं? इतकं? आणि दोन सीझन ही बया माझ्या मागे अशी गादीवर बसून येत होती, आणि फिनिशला मलाच विचारायची, "दमलीस?"

सडकी अंडी आली तेव्हा मागे पावलं ऐकू आली. जड, घासत येणारी. त्या तिघींपैकी दोघी जिवावर उठून पळत होत्या. मला ऐकू येत होतं म्हणजे सुनंदालाही येत होतं. तिने एकदा जोर लावला असता तर ती सुटली असती, तिला सुटता येतं. ती नाही सुटली. माझ्या पायांना झेपेल इतकंच वाढवलं, मग आणखी थोडं, मग आणखी. पायलटचं काम तिला कोणी शिकवलं होतं? माझी पाठ बघून बघूनच शिकली असणार. मी मनात एकच म्हणत होते, देवा, माझ्यामुळे हिचं घालवू नको. मिरची लागली, डोळ्यांत पाणी आलं, ते मिरचीचंच होतं असं मी सगळ्यांना सांगते. मग साबणाचा वास.

निळी रिबन पहिली. सुनंदा दुसरी. आणि तिच्या मागे, त्या घासत येणाऱ्या पावलांच्या अगदी थोडं आधी, मी. तिसरी! पायलट तिसरा आलेला कोणी ऐकलंय? सरांच्या हातातलं घड्याळ खाली पडलं.

मग जे झालं ते तर आणखी भारी. अंकल कोणाच्या तरी स्कूटरवर मागे बसून आले, हातात अजून बादली. स्कूटर थांबायच्या आत सुनंदावर ओरडले, "पागल लडकी! मैं गला फाड़ के बोल रहा हूँ हलु, हलु, और तू घूमने आई है क्या?"

"तुम्हीच तं हळू बोललात!"

"हाँ, हलु बोला!"

"मंग मी जाले ना हळू!"

"अरे तो हलु क्यूँ नहीं हुई?"

मी रस्त्यावर आडवी पडले होते. हसून पोट इतकं दुखलं की लोकांना वाटलं ग्लानी आली. मला शेवटी उठून दोघांच्या मध्ये उभं राहून ट्रान्सलेशन करावं लागलं. अंकलनी डोक्याला हात लावला आणि बादलीवरच बसले. मग मी त्यांना धरलं. "आणि अंकल, त्या निळ्या रिबनवालीला आपले बूट कोणी दिले?"

"दिया नहीं," अंकल म्हणाले, एकदम ताठ बसून. "बेचा. गिऱ्हाईक है ना, बेटा. दुश्मन का पैर भी पैर होता है."

एवढ्यात पर्सोनेलचे साहेब सरांजवळ आले. विचारलं, तुमची मेन रनर मधेच मागे का पडली? आणि आमच्या सावंत सरांनी, ज्यांना फिनिशवरून काही दिसलं नव्हतं, छाती पुढे काढून सांगितलं, "मुद्दाम, साहेब. पायलटने बाकीच्यांना चढावर दमवायचं, मेन रनरने ताजं राहायचं. टॅक्टिक्स." साहेबांनी मान डोलावली. तिथूनच तो फळा आणि ते बाण सुरू झाले. मी मुद्दाम गप्प बसले. साहेब सुनंदाकडे वळले आणि म्हणाले, "सोमवारपासून स्टोअरला या. ब्रेक नाही आता."

 सुनंदाने वाकून बूट काढले, आणि डांबरावर अनवाणी उभी राहून म्हणाली, "सायेब, येक बोलू? हिला पन कायतरी द्या. माझ्यापुढं पळून पळून हिची हाडं झालीत." मला काय दिलं, तर भिंतीवरचं घड्याळ. तिसऱ्या नंबरचं बक्षीस. माझं पहिलंच. आमच्या बराकीत एकच खोली, त्यामुळे वेळेचा घोटाळा होत नाही.

आज सुनंदा स्टोअरमध्ये आहे, पर्मनंट, नट-बोल्टांवर राज्य करते आणि माझी टाईप केलेली चिठ्ठी चुकीची असली तर परत पाठवते. मी अजून पायलट. पण कधी कधी पळताना वाटतं, ते तिसरं येणं जरा आधी कळायला हवं होतं. दोन सीझन मी माझा स्वतःचा स्पीड विचारलाच नव्हता. असो! आता प्रॅक्टिसला आम्ही आलटून पालटून पुढे होतो, आणि वारा अंगावर आला की सुनंदा मला शिव्या घालते.

पण मला खरंच जाणून घ्यायचंय, म्हणूनच एवढं सगळं धडाधड टाईप केलं. तुमचं कधी असं झालंय का हो? आपलंच माणूस समजून, मान न वळवता, चढभर भलत्याच कोणाला तरी ओढत नेलंय? आणि तो वर पोचल्यावर थँक्यू तरी म्हणाला का?